शून्य कुणी पाहिलाय?

पाच, चार, तीन... आणि बास. लाल दिव्याचा टायमर यापुढे बघायला कुणी थांबतच नाही. तीनवर गिअर पडतो, दोनवर क्लच सुटतो आणि एकवर पुढच्या रांगेतल्या निम्म्या गाड्या झेब्रा ओलांडून चौकाच्या पोटात. मागचे तोवर हॉर्न वाजवतायत, ते वेगळंच. म्हणजे बघा, आपल्या शहरातल्या प्रत्येक मोठ्या चौकात हा आकडा दिवसातून शेकडो वेळा शून्यावर येतो. पण तो शून्य स्टॉप लाइनच्या मागे पाय टेकवून शांतपणे बघितलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही.

आता त्याच क्षणी आडव्या रस्त्यावर काय चाललंय? तिथला हिरवा संपून पिवळा लागलाय. आणि पिवळा लागला की मागे बसलेला मित्र काय म्हणतो, हे सांगायला नकोच. ‘‘मार ना भावा, पिवळाच आहे!’’ भावा मारतो. इकडून एक जण वेळेआधी निघालाय, तिकडून दुसरा वेळेनंतर घुसलाय, आणि लवकर निघालेल्याच्या बरोब्बर समोर झेब्रावर कुणीतरी अजून चालतंय. हातात भाजीची पिशवी असलेले काका, नाहीतर सॅक सावरत निघालेली एखादी फर्स्ट इयरची मुलगी.

सिग्नल म्हणजे लाल, पिवळा, हिरवा. थांबा, तयार राहा, जा. हे बालवाडीतलं ज्ञान आपल्या सगळ्यांना पाठ आहे. गोची अशी की सिग्नलची खरी परीक्षा रंग लागलेला असताना नसतेच. ती रंग बदलताना असते. त्या तीन-चार सेकंदांत. आणि नेमक्या त्याच सेकंदांचा अर्थ आपण रस्त्यावर आपल्या सोयीने बदलून टाकलाय.

पिवळ्याचं गणित

‘तयार राहा’ हे पिवळ्याचं भाषांतर कुणी केलं कोण जाणे, पण त्याने फार घोळ घातलाय. तयार राहा म्हणजे कशाला? पळायला? हिरव्यानंतर येणाऱ्या पिवळ्याचा अर्थ साधा आहे: थांबा. स्टॉप लाइनच्या इतके जवळ पोचला असाल की आता ब्रेक मारणंच धोक्याचं, तर आणि फक्त तरच पुढे जा.

‘इतके जवळ’ म्हणजे किती? हे गणित बारावीच्या फिजिक्सचं आहे, घाबरू नका. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी चालली असेल तर ती एका सेकंदात साधारण १४ मीटर जाते. पिवळा दिसला, डोक्यात शिरला आणि पाय ब्रेकवर गेला, यात सुमारे एक सेकंद जातो. १४ मीटर तिथेच गेले. मग कोरडा रस्ता आणि बरे टायर असतील तर गाडी पूर्ण थांबायला जवळपास तेवढेच आणखी. मिळून तीसेक मीटर. म्हणजे लाइन तीस मीटरच्या आत असेल तर थांबता येणार नाही, निघून जा. त्याहून लांब असेल तर थांबा.

आता उलटं बघू. पिवळा तीन सेकंद असतो असं धरा. तेवढ्यात या वेगाने गाडी ४२ मीटर जाते. जो भाऊ साठ मीटरवरून ‘पिवळाच आहे’ म्हणत पिळतो, त्याला लाइनवर पोचायला सव्वाचार सेकंद लागतात. म्हणजे तो पिवळ्यात नाही, चक्क लालमध्ये घुसतो. आणि पावसात? ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यानंतरचं अंतर साधारण दुप्पट होतं. जुलैमध्ये हे गणित पुन्हा करून बघा.

सिग्नल बसवणाऱ्या इंजिनीअर लोकांना आपले हे गुण माहीत आहेत बरं का. म्हणून बऱ्याच चौकांमध्ये एका बाजूचा पिवळा संपल्यावर दुसरीकडचा हिरवा लगेच लागत नाही. मध्ये एक-दोन सेकंद चारही बाजूंना लाल असतो. चौकात अडकलेली गाडी बाहेर पडावी, चालणारा माणूस पलीकडे पोचावा, यासाठी ठेवलेली ती मोकळी जागा. जागा म्हणजे वेळ, पण कळलं ना? ही मोकळीक आपण दोन्ही टोकांनी खातो. एक जण पिवळा संपल्यावर घुसून खातो, दुसरा हिरवा लागायच्या आधी निघून. मधल्या माणसासाठी काही शिल्लकच राहत नाही.

गंमत म्हणजे सुरुवातीला हा पिवळा नव्हताच. जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटच्या बाहेर लागला, तो गॅसवर चालायचा आणि त्याला लाल, हिरवा असे दोनच दिवे. (महिन्याभरात त्याचा स्फोट झाला आणि तो चालवणारा पोलिस भाजला. ट्रॅफिकवाल्यांची नोकरी पहिल्यापासूनच अवघड.) १९१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला विजेचा सिग्नल आला, त्यातही दोनच रंग, रंग बदलणार हे सांगायला चक्क एक बझर वाजायचा. मग १९२० मध्ये डेट्रॉइटच्या विल्यम पॉट्स नावाच्या पोलिसाने तीन रंगांचा, चारही दिशांना दिसणारा सिग्नल लावला. बदलाच्या क्षणी माणसं आपटतात, त्या क्षणाला स्वतःचा रंग हवा, म्हणून पिवळा आला. आपल्याकडे येईपर्यंत त्याचा अर्थ ‘पिळा’ झाला.

चालणाऱ्यांचा हिरवा

आत्तापर्यंत गाडीवाल्यांचं झालं. पण कॉलेजला जाणारी आपल्यातली किती तरी जणं बसने येतात, मेट्रोने येतात आणि शेवटचा रस्ता पायी ओलांडतात. त्यांच्यासाठी वेगळा छोटा सिग्नल असतो, दोन माणसांचा. लाल, उभा माणूस: फुटपाथवरच थांबा. हिरवा, चालणारा माणूस: दोन्हीकडे बघून निघा. आणि तो हिरवा माणूस लुकलुकायला लागला की?

इथे निम्म्या लोकांचं उत्तर असतं, ‘पळा!’ चूक. लुकलुकणारा हिरवा दोन वेगळ्या लोकांना दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. जे झेब्रावर उतरलेत त्यांना सांगतो, तुमचं चालू द्या, पूर्ण करा. जे अजून फुटपाथवर आहेत त्यांना सांगतो, आता निघू नका, पुढच्या फेरीत या. हा पादचाऱ्यांचा पिवळा आहे. मोबाइलमध्ये बघत असताना अचानक तो लुकलुकताना दिसतो आणि आपण धूम ठोकतो, तेव्हा आपण त्या बाइकवाल्या भावाचंच काम पायी करत असतो.

आणि हात दाखवणं! सिग्नल काहीही असो, गाड्यांकडे तळहात करून रस्त्यात उतरायचं, हा आपल्या देशाचा चौथा दिवा आहे. आपल्या सगळ्यांच्या आयांनी आपल्याला असंच रस्ता ओलांडून नेलंय. तो चालतो, कारण समोरचा बघत असतो. समोरचा मोबाइलवर मॅप बघत असेल तर हात काय करणार?

आता मुद्दा असा की चालणाऱ्याला वेळ किती मिळतो. हा हिशोब करताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं सहसा धरतात. २४ मीटर रुंद रस्ता, वीस सेकंद. तुम्ही-आम्ही आरामात जाऊ. मी आमच्या सोसायटीच्या पॅसेजमध्ये टेपने दहा मीटर मोजले. मला लागले सात सेकंद. मग आजीला चालायला लावलं. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हातात काठी आहे.

‘‘आजी, नेहमी चालतेस तशीच चाल हं, मुद्दाम हळू नको.’’

‘‘अगं बाई, मुद्दाम हळू चालायला आधी जोरात चालता तर यायला हवं ना!’’

सोळा सेकंद. म्हणजे तोच २४ मीटरचा रस्ता ओलांडायला तिला अडतीस सेकंद लागणार. आमच्या घराजवळच्या चौकातला हिरवा माणूस वीस सेकंद असतो. मध्ये डिव्हायडर आहे, पण त्यावर उभं राहायला धड जागा नाही. आजी गेली दोन वर्षं तो चौक ओलांडत नाही. पलीकडे तिची भजनाची मैत्रीण राहते, ती आता फोनवर भेटते. घरात कुणी याला वाहतुकीचा प्रश्न म्हणत नाही. ‘आजीला आता होत नाही’ असं म्हणतात. पण आजीला दहा मीटर चालणं होतंय की! होत नाहीये ते वीस सेकंदांत चोवीस मीटर.

अमेरिकेने हाच विचार करून २००९ मध्ये आपल्या नियमात चालण्याचा वेग सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला. फरक किरकोळ वाटतो. मोठ्या रस्त्यावर तो तीन-चार सेकंदांचा होतो. आणि तीन-चार सेकंदांत काय काय होतं ते वर बघितलंच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ३२,८२५ जण पायी चालत होते. म्हणजे दर पाचातला जवळपास एक. हे सगळे सिग्नलवर गेले असं नाही, पण ‘रस्ता गाड्यांचा, चालणारा मधे येतो’ हा जो समज आहे ना, त्याची किंमत या आकड्यात आहे. पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर ‘पादचारी दिन’ साजरा होतो, २०२१ पासून. मस्त असतो, जा. उरलेले ३६४ दिवस मात्र झेब्रावर गाडीचं पुढचं चाक असतं.

मामा नसले तरी

काही दिवे आपण बघतो पण वाचत नाही. रात्री उशिरा सिग्नल बंद झाला असं आपल्याला वाटतं आणि पिवळा लुकलुकत असतो. तो बंद नाही. तो सांगतोय, वेग कमी करा, बघा, मग जा. लाल लुकलुकत असेल तर आधी पूर्ण थांबा, रस्ता मोकळा आहे का बघा आणि मगच निघा. लालसोबत हिरवा बाण असेल तर फक्त बाणाच्या दिशेला परवानगी. फ्री लेफ्टची पाटी असली तरी तिथे झेब्रावर माणूस असेल तर आधी माणूस. आणि हिरवा लागला म्हणून पुढचा चौक तुंबलेला असताना आत घुसायचं नसतं; तिथेच अडकलात तर दोन मिनिटांनी चारही रस्ते तुमच्या नावाने बोटं मोडणार. दिवा एक सांगतोय आणि मामा हाताने दुसरंच, तर मामांचं ऐकायचं.

दिव्यांचा क्रमही उगाच नाही. लाल वर, हिरवा खाली. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, ते जागेवरून ओळखतात. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना २०२० पासून आपल्याकडे लायसन्सही मिळतं. ज्यांना रंग नीट दिसत नाही ते जागा बघून थांबतात आणि ज्यांना तिन्ही रंग लख्ख दिसतात ते... असो.

त्याच वर्षी मुंबईत दादर-माहीम परिसरात पादचारी सिग्नलवर पुरुषाच्या जागी बाईची आकृती आली. काहींनी नाकं मुरडली, मला आवडलं. आणि त्याच वर्षी मुंबई पोलिसांनी दाखवलेला ‘पनिशिंग सिग्नल’ आठवतोय? हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचा टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी हसत हसत शेअर केला होता. मग निघालो आणि पुढच्याच सिग्नलला हॉर्न वाजवला.

कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. पहिल्या वेळी एक ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. पण आपली सगळी भीती मामा आहेत का आणि कॅमेरा चालू आहे का, यावर. पावती फाटली नाही म्हणजे सुटलो. झेब्रावरच्या काकांच्या बाजूने बघितलं तर पावतीचा काही संबंधच नाही.

तुमच्या कॉलेजजवळच्या चौकात पादचाऱ्यांना पुरेसा वेळ नाही असं वाटत असेल, तर ते सिद्ध करायला फार काही लागत नाही. रस्त्याची रुंदी पावलांनी मोजा, फुटपाथवर उभं राहून हिरवा माणूस किती सेकंद असतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पाच वेळा बघा, वेळ आणि तारीख लिहा. अर्ज वाहतूक पोलिसांना आणि महापालिकेलाही द्यायचा, त्यावर पोच घ्यायची. आमच्या चौकाचा अर्ज मी गेल्या आठवड्यात दिलाय. रुंदी २४ मीटर, वेळ वीस सेकंद, आणि खाली तिसरी ओळ आजीने स्वतः घालायला लावली: दहा मीटरला सोळा सेकंद, काठीसह.