बीजांडाची वंशावळ

शरीराबाहेरील फलनाची विद्या गोठ्यापर्यंत कशी पोहोचली याचा मागोवा घेऊ लागले असता 1981 या सालापाशी प्रथम थांबावे लागते. कारण त्या वर्षीच्या जून महिन्यात, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय केंद्रात, बेंजामिन ब्रॅकेट व त्यांचे सहकारी यांच्या परिश्रमाने, काचपात्रात फळलेल्या बीजांडाचे पहिले वासरू जन्मास आले व त्याचे नाव व्हर्जिल ठेवण्यात आले. संशोधक चँग यांनी सशांच्या बाबतीत हीच गोष्ट 1959 मध्ये सिद्ध केली होती. तेथून गाईपर्यंत यावयास जवळजवळ दोन तपे लोटली. व्हर्जिलचे बीजांड गाईच्या देहातच पक्व झालेले होते आणि ते हाती लागण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली होती. अशा रीतीने बीजांडे मिळवून संशोधन फार पुढे जाणार नव्हते, हे उघड होते.

पुढची वाट कत्तलखान्यातून गेली. मारलेल्या जनावरांचे अंडाशय कोमट क्षारजलात, थर्मासमध्ये घालून प्रयोगशाळेत आणावयाचे, त्यांवरील पुटकांतला, म्हणजे बीजांडे धारण करणाऱ्या फोडांतला, द्रव सुईने ओढावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून बीजांडे वेचावयाची, असा हा क्रम. बीजांडाभोवती घट्ट बिलगलेले पेशींचे आवरण साडेअडतीस अंशांच्या उबेत एक अहोरात्र ठेवल्यावर पिंजलेल्या कापसासारखे सैल फुलून येते. ते तसे फुलले म्हणजे बीजांड पक्व झाल्याचा संभव वाटतो. मग त्याची शुक्राणूंशी गाठ घालावयाची, आणि सुमारे सातव्या दिवशी सिद्ध झालेला भ्रूण योग्य वेळी माजावर येऊन गेलेल्या दाई-गाईच्या गर्भाशयात ठेवावयाचा. 1980 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आयर्लंड व जपान येथे हा सारा व्यवहार प्रयोगशाळेत पार पडू लागला.

म्हैस मात्र या बाबतीत कृपण. तिच्या अंडाशयात पुटके थोडी, त्यांतून निघणारी चांगली बीजांडे त्याहून थोडी; म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत 1990 मध्ये जगातील पहिले परीक्षानळी-पारडू जन्मले आणि त्याचे नाव 'प्रथम' ठेवले गेले, त्याचे मोल मला व्हर्जिलहून उणे वाटत नाही. गाईसाठी ठरलेल्या पद्धती म्हशीला जशाच्या तशा लागू पडत नव्हत्या. कर्नालच्या शास्त्रज्ञांना त्या नव्याने बसवाव्या लागल्या.

तथापि या साऱ्या पराक्रमात एक वैगुण्य होते. कत्तलखान्यातून आलेल्या बीजांडाच्या मातेचा ठावठिकाणा कोणाच्याही दप्तरी नसे; तिने किती वेते दिली, धार किती पडे, ती वंध्य म्हणून विकली गेली की म्हातारी झाली म्हणून, यांतले काहीच कळत नसे. वळूची वंशावळ ठाऊक आणि माता निनावी, असे वासरू शास्त्राला पुष्कळ काही शिकवते, पण गोठ्याच्या मालकाला काय देते? त्यामुळे 1990 च्या आगेमागे नेदरलँड्समध्ये ध्वनिलहरींच्या यंत्राच्या साहाय्याने जिवंत गाईच्याच अंडाशयातून योनिमार्गे बीजांडे काढण्याची जी पद्धत आकारास आली, तिलाच मी या इतिहासातले खरे वळण मानतो. गाभण गाईकडूनही पहिल्या काही महिन्यांत बीजांडे घेता येऊ लागली आणि उत्तम दुधाळ गाय वर्षातून एकाच वासराची माता राहण्याचे बंधन सुटले. त्याची किंमतही मोजावी लागली: त्या दशकात पोषणद्रवात रक्तरस वापरून वाढवलेल्या भ्रूणांपैकी काहींची वासरे अवाजवी मोठी निपजत व दाई-गाईंची वीण अवघड होई. पोषणद्रवात सुधारणा होत गेल्यावर ही आपत्ती पुष्कळ ओसरली.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ ब्राझीलने उठवला, आणि तोही प्रामुख्याने भारतातून गेलेल्या वशिंडाच्या गाईंच्या बळावर. कारण त्यांच्या अंडाशयात पुटके विपुल असतात. आपल्याकडे 2014 मध्ये देशी जनावरांच्या संवर्धनासाठी राष्ट्रीय गोकुळ मिशन आले, आणि 2021 च्या ऑक्टोबरात गुजरातेतील गीर सोमनाथ जिल्ह्यात या मार्गाने बन्नी म्हशीचे पहिले पारडू जन्मले.

पण दाता-म्हैस निवडावयाची कशावरून? कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढणाऱ्या गवळ्याला आपल्या म्हशीचे दूध वेतागणिक तोंडपाठ असते. तिच्या आईचेही तो सांगतो. तो हिशेब कागदावर उतरवून घेण्याची तजवीज मात्र बहुतेक गावांत अद्याप झालेली नाही, आणि दूधनोंदीवाचून प्रयोगशाळेतील सुई कोणत्या म्हशीकडे वळवावी हे कोणत्याही यंत्राला सांगता येत नाही.