कोंड्याचा मांडा, पऱ्हाटीचं प्लॅस्टिक

बीडच्या रानात कापूस वेचून झाला की उरते पऱ्हाटी. थोडी चुलीत जाते, बाकीची बांधावर पेटते. गुलाबी बोंडअळी तिच्यातच मुक्काम ठोकते, त्यामुळे शेतकऱ्याला ती कधी एकदा रानाबाहेर जाते असं होतं. मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेनं मात्र तिचा भुगा दाबून पार्टिकल बोर्ड करून दाखवले. उद्या तुमचं कपाट पऱ्हाटीचं निघालं तर दचकू नका.

सरकी तर त्याहून नाटकी. जिनिंगमध्ये रुई निघाली तरी तिला बारीक लव चिकटून राहते. ही लिंटर म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. चष्म्याच्या फ्रेमचं सेल्युलोज ॲसिटेट तिच्यापासून होतं. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ उतरला ती फिल्मही सेल्युलोजचीच लेक! खनिज तेलाचं प्लॅस्टिक पुढं आलं, झाडपाल्याचं थोरलं.

आता ऊस. बीडचे कोयते (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी) दसरा-दिवाळीला ज्या कारखान्यांची वाट धरतात, तिथं शंभर किलो ऊस गाळला की तीसेक किलो ओलं चिपाड पडतं. बहुतेक बॉयलरच्या पोटात जातं. पण आम्ल घालून वाफेवर शिजवलं, तर त्यातून फरफ्युरल हे रसायन निघतं. नाव लॅटिनमधल्या कोंड्यावरून! अमेरिकेत क्वेकर ओट्सनं 1922 मध्ये ओटच्या टरफलांपासून त्याचा धंदा सुरू केला, आणि 1950 च्या दशकात ड्यूपाँट त्याच फरफ्युरलपासून नायलॉनचा कच्चा माल बनवत होती. कोंड्याचा मांडा म्हणतात तो हाच.

मळीचं इथेनॉल होतं, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्याच इथेनॉलपासून उत्तराखंडातल्या काशीपूरला ग्लायकॉल बनतं आणि ते थंड पेयाच्या बाटलीत शिरतं. बाटलीच्या वजनात त्याचा वाटा तीसेक टक्के. इकडं भंडाऱ्याच्या जेजुरीत पुण्याच्या ‘प्राज’नं 2024 मध्ये पीएलए या जैवप्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. साखर आंबवायची, लॅक्टिक आम्ल काढायचं, त्याची साखळी गुंफायची. एक मेख आहे: पीएलएचा पेला उकिरड्यावर टाकला तर लवकर कुजत नाही, त्याला साठेक अंशांचं गरम खत लागतं.

ज्वारीच्या कडब्याकडं मात्र रसायनवाल्यांनी बघूही नये. त्याच्यावर पहिला हक्क गोठ्याचा.