शर्यतीच्या लहान मोटारींतील दांतेरी चाक

रेडिओच्या लहरींनीं दुरून हांकल्या जाणाऱ्या शर्यतीच्या लहान मोटारी म्हणजे केवळ मुलांचा खेळ, असें पुष्कळ पालकांस वाटतें. परंतु त्या खेळांत यंत्रशास्त्राचे उत्तम पाठ आहेत, आणि त्यांकडे दुर्लक्ष झाल्यास पालकांच्या खिशास चाट बसते. म्हणून ह्या मोटारींतील प्लॅस्टिकच्या मोठ्या दांतेरी चाकाविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहीत आहों.

विजेच्या मोटरीच्या दांड्यावर धातूचें लहान चाक असतें. त्यास पिनियन म्हणतात. त्याचे दांत ज्या मोठ्या चाकाच्या दांतांत अडकतात, तें स्पर गिअर होय. पिनियनास २१ व मोठ्या चाकास ८४ दांत असतील, तर मोटर ४ वेळां फिरते तेव्हां मोठें चाक एकदां फिरतें. ८४ च्या जागीं ७८ दांतांचें चाक घातलें, तर हें प्रमाण सुमारें ३.७ वर येतें. लांब, सपाट वाटेवर वेग वाढतो; परंतु सुटतांना जोर कमी पडतो व मोटर अधिक तापते. यास्तव पहिला विचार मैदानाचा करावा.

दुसरा विचार दांतांच्या मापाचा. हें माप ‘पिच’ ह्या नांवानें सांगतात. चाकाच्या व्यासाच्या दर इंचामागें किती दांत, तो हा आंकडा. म्हणून आंकडा मोठा तर दांत बारीक. ६४ पिचचे दांत गुळगुळीत वाटेवरील हलक्या गाड्यांस, ४८ चे मातींत धावणाऱ्या एक-दशांश मापाच्या गाड्यांस, व ३२ चे जाड दांत जड गाड्यांस बहुधा योजतात. कित्येक जपानी गाड्यांत ०.६ मॉड्यूल हें मेट्रिक माप असतें. तें ४८ पिचसारखें दिसलें तरी त्यांची जोडी जमत नाहीं. दांत लौकरच झिजून जातात.

तिसरा विचार द्रव्याचा. नायलॉन चिवट आहे, पण ओलावा शोषून किंचित् फुगतें. अ‍ॅसिटल नांवाचें प्लॅस्टिक ओलावा फार थोडा घेतें, गुळगुळीत असतें व आपला आकार राखतें. म्हणून सुधारलेलीं चाकें पुष्कळदां त्याचीं करतात.

मग पोलादाचेंच चाक कां घेऊं नये, असें विद्यार्थी विचारतात. पोलाद टिकतें खरें; परंतु तें जड असतें, आवाज करतें, आणि गाडी अडखळली कीं तो हिसका पुढील महागड्या भागांस पोंचवितें. प्लॅस्टिकचें चाक अशा वेळीं स्वतः मोडतें व इतरांस वांचवितें. देहांतील दुर्बल अवयवांचें महत्त्व पौलानें करिंथ येथील मंडळीस समजाविलें होतें. यंत्राच्या देहांतही तोच न्याय दिसतो.

तथापि चाकें वरचेवर मोडत असतील, तर नवें घेण्यापूर्वीं जोडणी तपासावी. दोन्ही चाकांमध्यें कागदाची पातळ पट्टी धरून मोटर सरकवावी, स्क्रू आंवळावे व पट्टी काढून घ्यावी. मग मोठें चाक हातानें पूर्ण फिरवून पाहावें. सर्वत्र किंचित् ढिलेपणा लागला पाहिजे. फार घट्ट असल्यास दांत तापतात, फार सैल असल्यास उडतात. पिनियनाचे दांत झिजून टोंकदार झाले असल्यास तेंही बदलावें. त्याच्या संगतींत उत्तम चाकही टिकत नाहीं.

महाग तेंच चांगलें, असें समजूं नये. आधीं दांत मोजावे, माप पाहावें, आणि मगच पालकांजवळ पैसे मागावे.