थेंबांनी भागेना, मग शस्त्रक्रिया कोणती?

काचबिंदूची शस्त्रक्रिया ठरली, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘आता पूर्वीसारखं दिसेल ना?’ मोतीबिंदूच्या अनुभवातून आलेली ही अपेक्षा इथे लागू पडत नाही. दृष्टीच्या नसेची झालेली हानी भरून येत नाही. शस्त्रक्रिया करायची ती उरलेली नजर राखण्यासाठी. तीन-चार प्रकारचे थेंब आणि लेसर होऊनही दाब उतरत नसेल, तेव्हा ती वेळ येते.

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून त्याचा निचरा होतो. निचरा तुंबला की दाब चढतो. त्यावरची सर्वांत रुळलेली शस्त्रक्रिया म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टमी. केर्न्स यांनी 1968मध्ये ती मांडली. वरच्या पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्या भागात पाण्याला नवी वाट करून देतात. शरीर मात्र ती जखम समजून बुजवू पाहतं, म्हणून मायटोमायसिन-सी हे औषध लावतात. दाब छान उतरतो, अनेकांचे थेंबही सुटतात. पण सुरुवातीच्या आठवड्यांत वारंवार तपासणी लागते, दाब गरजेपेक्षा जास्त उतरू शकतो आणि त्या जागी कित्येक वर्षांनीही जंतुसंसर्ग होऊ शकतो.

दुसरा पर्याय नळीचा. डोळ्यात बसवलेली बारीक नळी पाणी डोळ्याच्या मागच्या बाजूला बसवलेल्या पट्टीकडे नेते. अहमद व्हॉल्व्हमध्ये झडप असल्याने दाब लगेच उतरतो. मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेलं स्वस्त इम्प्लांट बिनझडपेचं. त्याची नळी आधी दोऱ्याने बांधतात, काही आठवड्यांनी दोरा विरघळला की ती वाहू लागते. तोवर थेंब चालूच. नळीमुळे पुढे बुबुळावरचा पारदर्शक पडदा खराब होणं किंवा एकाचे दोन दिसणं संभवतं.

यातली सरस कोणती? आधी शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांवरच्या अमेरिकी अभ्यासात पाच वर्षांत नळी सुमारे 30 टक्के, तर ट्रॅबेक्युलेक्टमी 47 टक्के डोळ्यांत अपयशी ठरली. कोऱ्या डोळ्यांत मात्र पहिल्या वर्षी ट्रॅबेक्युलेक्टमी पुढे होती. पाच वर्षांनी दोन्हींत ठोस फरक उरला नाही. म्हणजे डोळ्याचा पूर्वेतिहास निवडीत मोठा वाटा उचलतो.

पाणी तयार करणारा भागच लेसरने अंशतः निकामी करण्याचा मार्ग बहुधा नजर फार कमी उरलेल्या, दुखऱ्या डोळ्यांसाठी राखून ठेवतात. उलट, मोतीबिंदूसोबत बसवायचे आयस्टेंटसारखे सूक्ष्म स्टेंट सौम्य ते मध्यम आजारासाठी. दाब फार खाली आणायचा असेल तर ते सहसा पुरत नाहीत.

डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा : माझ्या डोळ्याला दाब किती हवा, हीच शस्त्रक्रिया का, आणि ती फसली तर पुढे काय? आणि शस्त्रक्रियेनंतर कधीही, अगदी दहा वर्षांनीही, डोळा लाल झाला, दुखला, चिपडला किंवा नजर धूसर झाली, तर घरचे उपाय न करता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.