फ्लॉरेन्स : खिशात हात न घालता, कोल्हापूरच्या राजाच्या भेटीला

युरोपला गेलेल्या आपल्याकडच्या माणसाचे पहिले तीन दिवस गुणाकारात जातात. एक युरो म्हणजे शंभराच्या आसपास रुपये, हे एकदा डोक्यात बसले की कॉफीचा घोट घशाखाली उतरत नाही. मुलाकडे किंवा लेकीकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांना तर प्रत्येक तिकीट टोचते. अशांनी इटलीतल्या फ्लॉरेन्सला जरूर जावे. तिथे एक अख्खा दिवस पाकीट बाहेर न काढता घालवता येतो; मी तो घालवला आहे.

सकाळी आधी मोठे चर्च गाठावे, तिथले लोक त्याला 'दुओमो' म्हणतात. घुमटावर चढायला पैसे पडतात आणि ४६३ पायऱ्याही पडतात; आत जायला मात्र काही लागत नाही. रांग मोठी असते, म्हणून लवकर जायचे. रविवार तेवढा टाळायचा, कारण तो प्रार्थनेचा दिवस. खांदे-गुडघे झाकलेले हवेत असा दंडक आहे, त्यामुळे साडी नेसलेल्या बाईला कुणी अडवत नाही! तिथून दहा मिनिटांवर सिन्योरिया चौक. मायकेल अँजेलोचा डेव्हिड इथे उघड्यावर उभा आहे, पण ती प्रतिकृती. मूळ पुतळा १८७३ मध्ये संग्रहालयात हलवला. शेजारच्या कमानींच्या मंडपातले पुतळे मात्र अस्सल आहेत, चेल्लिनीचा पर्सियस त्यांतच. चौकात पिण्याच्या पाण्याचा फुकट नळही आहे, साधे आणि सोड्यासारखे बुडबुड्यांचे, दोन्ही मिळते. बाटली भरून घ्यावी, पुढे चालायचे आहे. महिन्याचा पहिला रविवार साधलात तर उफिझी हे जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालयही बिनपैशाचे. गर्दी सोसायची तयारी हवी.

एवढे सगळ्याच ग्रुप टूरवाले दाखवतात. ज्यासाठी मी हे लिहिते आहे, तिकडे त्यांची बस जात नाही.

आर्नो नदीच्या काठाने पश्चिमेला कासिने नावाचे मोठे उद्यान आहे. झाडांच्या रांगांतून पाऊण-एक तास चालत त्याच्या पार टोकाला गेले की मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. त्या संगमापाशी एक छत्री उभी आहे. आपल्या राजघराण्यांच्या समाधीवर असते तशीच. खाली अर्धपुतळा : पागोटे, दागिने, कोवळा चेहरा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे ताराराणींचे पती नव्हेत, त्यांच्यानंतरचे दुसरे. आपल्या बेळगाव जिल्ह्यातला रायबाग तालुका तेव्हा कोल्हापूर संस्थानात होता, म्हणजे तिकडच्या लोकांचेही हेच राजे.

१८६६ मध्ये सोळाव्या वर्षी ते गादीवर आले. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानण्याच्या त्या काळात १८७० मध्ये इंग्लंडला गेले. या प्रवासात त्यांनी इंग्रजीत रोजनिशी ठेवली. कॅप्टन वेस्ट यांनी ती १८७२ मध्ये लंडनला छापून आणली. पण ती छापलेली पाहणे राजांच्या नशिबी नव्हते. परतीच्या वाटेवर प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस.

बरोबरच्या मंडळींपुढे केवढा पेच पडला असेल! इटलीत तेव्हा प्रेत जाळत नसत. तिथले पहिले आधुनिक दहन मिलानमध्ये झाले ते १८७६ साली. तरीही खास परवानगी मिळाली आणि नरसोबाच्या वाडीला जसा कृष्णा-पंचगंगेचा संगम, तसा इथला दोन नद्यांचा संगम पाहून तिथे हिंदू पद्धतीने अंत्यविधी झाला. चार वर्षांनी, १८७४ मध्ये, त्याच जागी ही छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँटचा. कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ज्याच्या हातचा, तोच हा. अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. चौथऱ्यावर इंग्रजी-इटालियनबरोबर भारतीय लिपीही दिसते, आणि इतक्या दूर ती पाहून मला क्षणभर बोलता येईना.

शेजारून मोठा पूल जातो, १९७८ साली खुला झालेला. त्याचे नावच 'भारतीयाचा पूल'! हजारो गाड्या रोज त्या नावावरून जातात. आपल्याकडे मात्र राजाराम कॉलेजात शिकलेल्यांनाही ते नाव कुणाचे, हे विचारले तर पुष्कळजण पहिल्या राजारामांकडे बोट दाखवतात.

शक्यतो मंगळवारी जावे. त्या दिवशी सकाळी उद्यानाच्या शहराकडच्या बाजूला आठवडी बाजार भरतो आणि तो नुसता हिंडून पाहण्यातही मौज आहे. छत्रीपाशी उपाहारगृहाच्या भरवशावर राहू नये, दशम्या बरोबर असाव्यात. आणि ऊन असतानाच परत फिरावे. त्या टोकाला संध्याकाळी वर्दळ कमी असते आणि आलो तेवढेच पुन्हा चालायचे असते.