दिल्लीत घडलेले शब्द

जे. आर. आर. टोल्कीन यांनी १९१५ च्या सुमारास एल्फ लोकांच्या क्वेन्या भाषेचा कोश लिहायला घेतला, तेव्हा त्याची मांडणी धातूंनुसार केली. आधी धातू, मग त्यातून फुटलेले शब्द आणि काळाच्या ओघात त्यांत झालेले ध्वनिबदल. भाषा बोलणारे कोणी नव्हतेच, त्यामुळे त्यांचा इतिहासही टोल्कीन यांनाच रचावा लागला. आपल्याकडे धातूंपासून शब्द घडवण्याचा मोठा उद्योग स्वातंत्र्याच्या आगेमागे झाला, आधी नागपुरात आणि मग दिल्लीत. इथे बोलणारे कोट्यवधी होते आणि शब्द कचेऱ्यांना तातडीने हवे होते.

हा उद्योग हाती घेणारे कोशकार डॉ. रघुवीर यांनी १९४६ मध्ये आपली संस्था लाहोरहून नागपूरला आणली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांचा वावर होता, त्यामुळे हा उद्योग मराठी माणसाच्या दाराशीच सुरू झाला. १९५६ मध्ये संस्था दिल्लीला गेली. रघुवीरांचा भर शब्दकुळावर होता. ‘धा’ धातूला ‘वि’ उपसर्ग लावला की विधी, विधान, विधेयक, विधायक अशी रांग उभी राहते; ‘सम्’ आणखी जोडला की संविधान. ‘कायदा’ हा शब्द सर्वांच्या तोंडी होता, पण त्याला इतकी पोरेबाळे होत नाहीत. कोशकाराच्या नजरेने पाहिले तर हा युक्तिवाद मला आजही भक्कम वाटतो.

माणसे मात्र कोश उघडून बोलत नाहीत. राज्यघटनेच्या ३५१ व्या अनुच्छेदाने हिंदीच्या शब्दसंग्रहासाठी मुख्यतः संस्कृतचा आधार सांगितला आणि संस्कृत शब्द साऱ्या प्रांतांना सारखाच कळेल, अशी पुष्कळांची धारणा झाली. मराठीपुरती ती किती अपुरी आहे, हे एका ‘शिक्षा’ शब्दावरून कळते. दिल्लीच्या शिक्षा मंत्रालयाला आपल्याला शिक्षण मंत्रालयच म्हणावे लागते, कारण शिक्षा आपण गुन्हेगाराला देतो. १९५५ मध्ये नेमलेल्या राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद बाळासाहेब खेरांकडे होते. त्या आयोगाच्या अहवालाला भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. हिंदी न बोलणाऱ्यांची अस्वस्थता त्या अहवालातच नोंदली गेली, हे बरे झाले.

१९६१ मध्ये दिल्लीत वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. पहिले अध्यक्ष भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी. आयोगाच्या तत्त्वांत मूलद्रव्यांची नावे, मोजमापाची एकके, ‘रडार’सारखे जगभर रुळलेले शब्द तसेच ठेवावेत असे ठरले. प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाचा हा शहाणपणा होता, असे मी मानतो. ऑक्सिजनला प्राणवायू म्हणणे सुंदर आहे आणि मराठीत तो शब्द टिकलाही. पण संयुगांची नावे घडवायला बसले की अशा सुंदर शब्दांचा धीर सुटतो.

महाराष्ट्राने स्वतःचे भाषा संचालनालय १९६० मध्येच उभारले. आपल्याला हे काम नवे नव्हतेच. शिवकाळात राजव्यवहारकोश झाला होता, बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात ‘शासन शब्दकल्पतरू’ १९३१ मध्ये निघाला आणि सावरकरांनी सुचवलेले दिनांक, महापौर हे शब्द तर आता घडवलेले वाटतही नाहीत. ते का टिकले? मला वाटते, ते छोटे आहेत, उच्चाराला सरळ आहेत आणि रोजच्या वापरात त्यांची जागा नेमकी होती. धातू शुद्ध असणे ही त्यातली सर्वांत दुय्यम गोष्ट.

दिल्लीने सभागृहाचे ‘लोकसभा’ हे नाव १९५४ मध्ये स्वीकारले आणि आपण ते जसेच्या तसे घेतले. तिथल्या सदस्याला हिंदीने ‘सांसद’ म्हटले. आपण मात्र अरबी ‘खास’ला फारसी ‘दार’ लावलेला ‘खासदार’ शब्द धरून ठेवला आणि त्याला लोकसभेत बसवले.