सोडियम मरत नाही, वाहून न्यावे लागते

माती परीक्षणाचा अहवाल हाती आला की आपण बहुधा दोनच आकडे पाहतो, सामू आणि क्षारता. बाकीचा कागद घडी होऊन फळीवर जातो. त्याच कागदावर सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम अशी नावे असतात आणि पुष्कळदा त्यांच्या डोक्यावर बेरजेची बारीक चिन्हे असतात. सोडियमवर एक, कॅल्शियमवर दोन. ही चिन्हे कशाची, हे घरातल्या नववी-दहावीच्या मुलाला किंवा मुलीला विचारा. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हाच हिशेब आहे. पोरे तो परीक्षेपुरता करतात. पण ज्याची जमीन चोपण होऊ लागली आहे, त्याच्या दृष्टीने हा हिशेब पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये हे सांगणारा आहे.

प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला. अणूच्या मध्यभागी केंद्र, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. केंद्राभोवती इलेक्ट्रॉन. प्रोटॉन हा धन, इलेक्ट्रॉन हा ऋण, न्यूट्रॉन ना धन ना ऋण. वजन जवळजवळ सगळे केंद्रात असते. एका प्रोटॉनच्या वजनात अठराशेहून अधिक इलेक्ट्रॉन बसतील.

आता सोडियम घ्या. पुस्तकात त्याचा अणुअंक 11 आणि अणुवस्तुमानांक 23 दिलेला असतो. अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या, म्हणजे प्रोटॉन 11. तेवीसमधून अकरा वजा केले की न्यूट्रॉन 12. अणू पूर्ण असेल तर जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन, म्हणजे तेही 11. अकरा धन, अकरा ऋण, खाते बरोबरीत.

पण मातीत किंवा पाण्यात सोडियम असे बरोबरीत कधीच सापडत नाही. त्याचा एक इलेक्ट्रॉन गेलेला असतो. इथे पुष्कळ मुले चुकतात. डोक्यावर बेरजेचे चिन्ह पाहून ती एक इलेक्ट्रॉन वाढवतात आणि बारा लिहितात. त्यांना आपल्या भाषेत सांगा, इलेक्ट्रॉन म्हणजे ऋण. अकरा रुपये जमा आणि अकरा रुपये कर्ज असलेल्या माणसाचे एक रुपया कर्ज कोणी आपल्या अंगावर घेतले, तर त्याचे खाते एका रुपयाने धनात येते. तसे सोडियमचे प्रोटॉन 11 च राहिले, इलेक्ट्रॉन 10 उरले, म्हणून धन 1. अशा अणूला आयन म्हणतात. कॅल्शियमचे प्रोटॉन 20, न्यूट्रॉन 20. त्याचे दोन इलेक्ट्रॉन जातात, 18 उरतात, म्हणून धन 2. क्लोरीन उलट्या स्वभावाचे. त्याचे प्रोटॉन 17, ते एक इलेक्ट्रॉन घेऊन 18 करते आणि ऋण 1 होते.

एका इलेक्ट्रॉनने किती फरक पडतो पाहा. सोडियम धातूचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो. तेच सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन मिठात बसले की आपण ते रोज भाकरीत खातो.

आता कॅल्शियमच्या आयनात इलेक्ट्रॉन 18 आणि क्लोरीनच्या आयनातही 18. म्हणून दोन्ही एक झाले का? नाही. पदार्थाचे नाव ठरते ते प्रोटॉनवर. इलेक्ट्रॉन येतात-जातात; प्रोटॉन केंद्रात बसलेले, ते शेतातल्या कोणत्याही खताने, औषधाने, आम्लाने हलत नाहीत. म्हणून ‘जमिनीतले क्षार मारणारे औषध’ म्हणून कोणी बाटली विकायला आला, तर त्याला एवढेच विचारा, अकरा प्रोटॉनचे तुम्ही काय करता? सोडियम मरत नाही. ते मातीच्या कणावरून सोडवून शेताबाहेर घालवावे लागते, दुसरा मार्ग नाही.

सोडवायचे कसे? चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून धन आयन त्यांना चिकटतात. कॅल्शियम दोन धनांनी घट्ट धरते, कण एकमेकांजवळ येतात, माती रवाळ होते. सोडियम एकाच धनाने, पाण्याचा जाड वेढा घेऊन सैल धरते. त्याचे प्रमाण वाढले की कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, माती ओली असता चिकट आणि वाळली की दगड. वर पाणी तुंबते आणि खाली मूळ तहानलेले. चिकटलेल्या आयनांत सोडियम शेकडा 15 हून अधिक आणि सामू साडेआठच्या वर गेला की ती चोपण जमीन समजतात.

जिप्सममध्ये कॅल्शियम असते. एक कॅल्शियम दोन सोडियमना उठवते, कारण हिशेब भाराचा आहे, दोन धनाच्या बदली दोन धन. वजनात मांडू. दोन सोडियम म्हणजे 46, आणि एका जिप्समचे वजन 172. म्हणजे कणांवरचे 46 किलो सोडियम सोडवायला कागदावर 172 किलो शुद्ध जिप्सम लागते. माल शेकडा 80 शुद्ध असेल तर 215 किलो. शेतात सगळेच कामी येत नाही, म्हणून एकरी मात्रा अहवालावरूनच ठरवावी, शेजाऱ्याने टाकले तेवढे टाकू नये. पोत्यावर शुद्धता किती लिहिली आहे तेही वाचावे. जमीन नुसती खारवट असेल, सोडियमचे प्रमाण वाढलेले नसेल, तर जिप्समचा खर्च करू नका. तिला निचरा आणि धुवण पुरते.

हाच भार युरियाच्याही मुळाशी आहे. युरियापासून आधी अमोनियम होते. त्यात प्रोटॉन 11 (नत्राचे 7, हायड्रोजनचे 4) आणि इलेक्ट्रॉन 10, म्हणून धन 1, माती त्याला धरते. पुढे त्याचे नायट्रेट होते, प्रोटॉन 31, इलेक्ट्रॉन 32, ऋण 1. त्याला ऋण माती धरत नाही, ते पाण्याबरोबर खाली जाते. युरिया हप्त्याहप्त्याने द्या म्हणतात ते यासाठी.

चोपण जमिनीत आधी चर, मग जिप्सम. चर नसतील तर सुटलेले सोडियम तिथेच राहील आणि पाणी वर चढले की पुन्हा वर येईल. उसाच्या पट्ट्यात पाटाचे पाणी जास्त देऊन बिघडलेल्या जमिनीत हे फार दिसते. चर खणून झाले की पावसाळ्यापूर्वी जिप्सम वरच्या थरात नीट मिसळा, बांधबंदिस्ती करून पाणी मुरू द्या. मग चराच्या तोंडाशी वाहणारे पाणी स्वच्छ बाटलीत भरून तपासणीला द्या. चराच्या पाण्यात सोडियम पाटाच्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त निघाले, तर ते शेतातून बाहेर पडू लागले आहे.